सुभेदार रामजी सकपाळ : एका कष्टाळू सैनिकाचे स्मरण



फेब्रुवारी महिना उजाडला की आपल्या विहारात धावपळ सुरू होते. ७ फेब्रुवारीला माता रमाईची जयंती. महिला मंडळ वर्गणी काढते, पोरं पताका लावतात, खिरीचे पातेले चुलीवर चढते. हे सगळे व्हायलाच पाहिजे. पण त्याच्या बरोबर पाच दिवस आधी, २ फेब्रुवारीला, विहाराचे दार संध्याकाळच्या वंदनेपुरते उघडते आणि पुन्हा बंद होते. त्या दिवशी कुणी जास्तीची मेणबत्ती लावत नाही. २ फेब्रुवारी १९१३ या दिवशी मुंबईत एक पेन्शनर सैनिक वारला, त्याची आठवण आपल्याला होत नाही.

त्यांचे नाव सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. नाव आपल्या सर्वांना पाठ आहे, कारण बाबासाहेबांच्या पूर्ण नावात ते मध्ये येते. पण 'भीमराव रामजी आंबेडकर' म्हणताना मधल्या नावावर आपण कधी थांबत नाही. विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा निरोप कार्यकारिणीकडून आला, तेव्हा आम्ही ठरवले की या वेळी या मधल्या नावावरच लिहायचे.

यामागे आमच्या मनाला लागून राहिलेली एक गोष्टही आहे. ती शेवटी सांगू.

पलटणीतली शाळा

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे सकपाळांचे मूळ गाव. कोकणातली डोंगराळ, खाचराची जमीन. त्यातही महारांच्या वाट्याला गावकीची चाकरी आणि भाकरतुकडा. या जिण्यातून बाहेर पडायची एकच मोठी वाट त्या काळी होती, ती म्हणजे कंपनी सरकारची पलटण. रामजींचे वडील मालोजी त्या वाटेने गेले. पाठोपाठ रामजीही गेले. माता भीमाबाईंचे माहेर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे, तेही लष्करी पेशाचेच घराणे. म्हणजे सासर आणि माहेर, दोन्हीकडे चुलीवरची भाकरी पलटणीच्या पगाराची.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' या अक्षरांनी संपणारी नावे आपण दर १ जानेवारीला बोट ठेवून वाचतो. ती लढाई १ जानेवारी १८१८ ची. तिच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पण पलटणीने आपल्या माणसांना बंदुकीशिवाय आणखी एक वस्तू दिली, तिच्याविषयी फार थोडे बोलले जाते. ती वस्तू म्हणजे पाटी.

लष्करी छावणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. त्या काळी लष्करात हे शिक्षण सक्तीचे होते आणि ते मुलींनाही मिळे. गावातल्या शाळेच्या पायरीवर ज्याला उभे राहू देत नसत, त्याच माणसाला छावणीत बाराखडी, हिशोब आणि कवायत एकाच शिस्तीत शिकवली जाई. रामजींना ही संधी मिळाली आणि त्यांनी ती वाया घालवली नाही. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, आणि पुढे लष्करी शाळेत ते हेडमास्तर झाले. चौदा वर्षे त्यांनी ही मास्तरकी केली. दर्जा सुभेदाराचा, काम मास्तराचे.

हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. 'सुभेदार' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मिशीला पीळ दिलेला, छातीवर बिल्ले लावलेला जवान उभा राहतो. जयंतीच्या मिरवणुकीत रामजींचा देखावा केला तर पोरं हातात तलवार देतात. त्यांच्या हातात खडू द्यायला पाहिजे, असे आम्हांला वाटते. हा सैनिक आपल्या नोकरीची मोठी वर्षे फळ्यासमोर उभा होता. रोज वेळेवर यायचे, हजेरी घ्यायची, चुकलेले गणित पुन्हा मांडून घ्यायचे, अक्षर गिरवून घ्यायचे, हेच त्यांचे सैनिकी काम. पुढे त्यांच्या घरात जे काही घडले त्याचे मूळ या चौदा वर्षांत आहे.

मध्य भारतातल्या महूच्या छावणीत रामजींची पलटण असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. रामजी-भीमाबाईंचे हे चौदावे अपत्य. चौदांपैकी बाळाराम, आनंदराव, भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा, तुळसा या दोन मुली एवढीच पुढे जगली. त्या वेळच्या आई-बापांनी किती लेकरे मातीआड केली, याचा हिशोब यातच आला. भीमरावांच्या जन्माआधी एका साधूने भविष्य सांगितल्याची कथा आपल्याकडे भाषणांतून रंगवून सांगतात. ती ज्यांना सांगायची त्यांनी सांगावी. आम्हांला मात्र वाटते, की पोराचे भविष्य साधूपेक्षा हेडमास्तर बापाच्या हाती जास्त होते.

दार बंद झाले तेव्हा

भीमराव दोनेक वर्षांचे असताना रामजी निवृत्त झाले. पेन्शन दरमहा पन्नास रुपये, असे चरित्रकार सांगतात. नेमक्या याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. काही जातीच तेवढ्या लढवय्या असतात, असा एक सिद्धान्त गोऱ्या साहेबांनी काढला होता. त्या यादीत महारांना जागा नव्हती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लढाया मारल्या, त्यांना एका कागदाच्या जोरावर सांगण्यात आले की तुम्ही लढणारे लोक नाहीत!

हा घाव केवढा मोठा होता, ते आज ध्यानात येणे कठीण आहे. लष्कर बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद, आणि पोरांची शाळाही बंद. जी एक शिडी होती ती काढून घेतली गेली. मागून येणाऱ्या पोरांना पुन्हा गावकी, नाहीतर मुंबईची गिरणी, गोदी आणि रेल्वे.

त्या वेळी आपले जुने पेन्शनर मुकाट बसले नाहीत. कोकणात दापोलीला निवृत्त सैनिकांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच एक. १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीला राहिले, १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली आणि सरकारदरबारी अर्ज केले. बंदूक खाली ठेवलेल्या माणसांनी लेखणी उचलली, ती अशी. रामजीही निवृत्तीनंतर या दापोलीतच काही काळ राहिले आणि भीमरावांची शाळा तिथेच सुरू झाली.

भरतीबंदीविरुद्धच्या अर्जाची एक हकिकत खुद्द बाबासाहेबांनी सांगितलेली आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या जयंतीनिमित्त पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात बाबासाहेबांचे भाषण झाले. रानड्यांविषयीच्या आपल्या दोन आठवणी त्यांनी या भाषणात सांगितल्या. एकदा वडिलांचे जुने कागद चाळताना त्यांना एक दस्तऐवज सापडला. महार समाजातल्या लष्करी अंमलदारांनी १८९२ च्या भरतीबंदीच्या हुकमाविरुद्ध हिंदुस्थान सरकारकडे केलेला तो अर्ज होता. चौकशी करता कळले की या अर्जाचा मसुदा रानड्यांनी करून दिला होता. बाबासाहेबांची दुसरी आठवण त्याआधीची, जानेवारी १९०१ ची. ते साताऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी पहिलीत होते. एके दिवशी शाळेला सुट्टी मिळाली; का, तर रानडे वारले म्हणून.

वाचकहो, या कागदाचा थोडा विचार करा. अर्जाने काम झाले नाही. हुकूम उठला नाही. रामजी तर तोवर पेन्शनीत निघालेले, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पोटाला त्या हुकमाने धक्का लागणार नव्हता. तरीही ती प्रत त्यांनी फेकली नाही. दापोली, मुंबई, सातारा अशी बिऱ्हाडे हलली. भांडीकुंडी फुटली असतील, कपडे फाटले असतील. पण कागद राहिला. आणि एके दिवशी तो लेकाच्या हाती लागला. आपल्या लोकांवर अन्याय झाला होता, आणि आपले लोक गप्प बसले नव्हते, या दोन्ही गोष्टी त्या लेकाला एका कागदावरून कळल्या.

पेन्शनीनंतरची नोकरी

पन्नास रुपये पेन्शन तेव्हा काही अगदी कमी नव्हती. एखादा गावी जाऊन, ओटीवर बसून, पलटणीच्या गोष्टी सांगत म्हातारपण काढता. रामजींनी तसे केले नाही. पोरांना शिकवायचे तर पैसा हवा आणि शाळा हवी. म्हणून त्यांनी पुन्हा नोकरी धरली. साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात ते स्टोअरकीपर झाले. इथेच १८९६ साली माता भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. रामजींची बहीण मीराबाई यांनी या पोरांना पोटाशी धरले. आत्या पायांनी अधू होत्या, पण माया फार मोठी.

रामजींनी पुढे दुसरे लग्न केले आणि ते भीमरावांना मुळीच रुचले नाही. हे लपवायचे कारण नाही. थोर माणसांच्या घरातही माणसेच राहतात.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे पुढच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमरावांचे नाव दाखल झाले. रजिस्टरात नोंद आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्र शासन 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. फार चांगली गोष्ट झाली. पण पोरगे शाळेत जाते तेव्हा त्याला शाळेत घालणारे एक माणूस असते, हेही त्या दिवशी सांगितले गेले पाहिजे.

पुढे रामजींना खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियरचे काम मिळाले. दुष्काळ पडलेला. उपाशी लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तळे खोदायला घेतले होते, त्यांची मजुरी वाटायची. पोरे साताऱ्याला आत्याजवळ, बाप गोरेगावला. पोरांनीच चूल पेटवायची, कच्चेपक्के शिजवायचे आणि शाळेला जायचे. बापाला रजा मिळेना, म्हणून त्याने पत्र घातले : उन्हाळ्याची सुट्टी आहे, तुम्हीच इकडे या.

पुढची हकिकत बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीचा मुलगा असे नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. न्यायला कुणी आले नव्हते. रामजींच्या शिपायाला पोरांचे पत्र मिळाले होते, पण त्याने ते साहेबांना सांगितलेच नाही. पोरे महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही हाकायला तयार होईनात. शेवटी पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. जवळ भाकरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी ती गोरेगावला पोहोचली.

ही गोष्ट आम्ही आजवर पोराच्या बाजूने कितीदा तरी सांगितली आहे. या वेळी ती बापाच्या बाजूने वाचून पाहा. ज्याने सरकारची इतकी वर्षे इमानाने चाकरी केली, जो शेकडो उपाशी लोकांच्या हातावर मजुरी ठेवतो, त्याची पोरे त्याच जिल्ह्यात घोटभर पाण्यावाचून रात्र काढतात, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. सुभेदारकीचा दर्जा छावणीच्या फाटकापर्यंतच चालत होता. फाटकाबाहेर आले की सुभेदारही अस्पृश्य आणि सुभेदाराची पोरेही अस्पृश्य. रामजींना हे ठाऊक नव्हते असे नाही. म्हणूनच त्यांनी आपली सगळी जमापुंजी एकाच गोष्टीवर लावली. ती म्हणजे पोराचे शिक्षण.

डबक चाळीतली खोली

गोरेगावचे काम संपल्यावर, १९०४ च्या सुमारास, रामजी बिऱ्हाड घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत चूल, तिथेच सरपण, तिथेच भांडी, तिथेच माणसे आणि तिथेच भीमरावांचा अभ्यास. एल्फिन्स्टन हायस्कुलात नाव घातले. फी, पुस्तके, कपडे आणि घरखर्च हे सगळे पेन्शनीवर भागेना. तेव्हा आनंदरावांची शाळा सुटली आणि ते जी. आय. पी. रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागले. दोन्ही पोरांना शिकवायची ऐपत नव्हती, म्हणून एकाने हातोडा धरला आणि दुसऱ्याने पुस्तक. या आनंदरावांचेही ऋण आपल्यावर आहे.

इथे हेडमास्तर रामजी पुन्हा दिसतात. रात्री पोराला लवकर निजवायचे. स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहायचे आणि दोनच्या ठोक्याला त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे. मग बाप आडवा व्हायचा आणि मिणमिणत्या दिव्यापाशी लेक वाचत बसायचा. पलटणीत रात्रीचा पहारा असाच बदलतात. एक पहारेकरी उतरतो, दुसरा चढतो. रामजींनी खोलीत तीच पद्धत लावली. पोराचे इंग्रजी आणि भाषांतर त्यांनी स्वतः बसून घोटून घेतले. पुढे लंडन-न्यूयॉर्कच्या विद्वानांनी ज्या इंग्रजीपुढे मान तुकवली, तिचा पाया लष्करी शाळेतल्या एका मास्तराने परळच्या चाळीत घातलेला होता.

आणि पुस्तके! भीमरावांना शाळेच्या पुस्तकांवर भागत नसे. अवांतर वाचनाची भूक फार. रामजी कधी नाही म्हणाले नाहीत. खिशात पैसे नसले की उठून लेकीच्या घरी जायचे. धाकटीकडे मिळाले तर ठीक, नाहीतर थोरलीकडे. तिच्याजवळही रोख नसली तर ती अंगावरचा एखादा दागिना काढून द्यायची. तो गहाण टाकून पुस्तक यायचे आणि पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून लेकीला परत जायचा. महिन्याचे हे चक्र. अहो, सासरी नांदणाऱ्या लेकीच्या दारात बापाने हात पसरायचा, हे आपल्या समाजात किती जड जाते, हे काय सांगायला पाहिजे? जन्मभर ताठ मानेने सलाम घेतलेल्या सुभेदाराने पुस्तकासाठी ही मान वाकवली.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या पोरांना हा आकडा लहान वाटेल. त्यांनी एकदा ती खोली डोळ्यांपुढे आणावी.

बाप आणि लेक

रामजी कबीरपंथी होते. दारूला त्यांनी शिवले नाही. पहाटे-संध्याकाळी भजन, दोहे. पोरांवर शिस्त कडक. बाबासाहेबांनी पुढे आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि जोतिबा फुले. त्यांतले कबीर त्यांना वडिलांच्या घरातच भेटले.

पण रामजी बौद्ध नव्हते, हेही तितकेच खरे. आपल्या काही लेखांत त्यांना आधीच बौद्ध करून टाकतात, ते बरोबर नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ती पुढे बऱ्याच वर्षांनी प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी वडिलांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. वडील मूर्तिपूजा मानत नसत, तरी मुलांसाठी म्हणून घरात गणपती बसवत. रोज रात्री पोरांनी रामायण-महाभारत वाचून दाखवावे, असा त्यांचा दंडक होता. भीमरावांनी एकदा विचारले, की ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांची हीनता सांगितली आहे ते आम्ही का वाचायचे? बापाने आधी दटावले : पोरे आहात, सांगितले तेवढे करा. पण पोरगे गप्प बसणारे नव्हते. काही दिवसांनी रामजींनी कारण सांगितले. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड बसू नये, म्हणून वाचायचे. द्रोण आणि कर्ण लहान घरचे, पण केवढे चढले ते पाहा. वाल्मीकी तर कोळी होता, असा त्यांचा मुद्दा. भीमरावांना हे उत्तर पटले नाही.

आज या वादात आपण अर्थातच लेकाच्या बाजूचे. पण बापाचे म्हणणेही कान देऊन ऐकावे. आपली पोरे मान खाली घालून वाढू नयेत, ही त्या बापाची तगमग होती. औषध चुकले असेल, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. आणि ज्या घरात बापाचा शब्द म्हणजे हुकूम, त्या घरात धाकट्या पोराला असा प्रश्न विचारता आला आणि उशिरा का होईना उत्तर मिळाले, हे लहानसहान नव्हे.

याच प्रस्तावनेत ती प्रसिद्ध हकिकत आहे. भीमराव इंग्रजी चौथी पास झाले. (चरित्रांतून हा प्रसंग मॅट्रिकनंतरचा सांगतात, आम्ही बाबासाहेबांचे स्वतःचे लिहिणे प्रमाण धरतो.) समाजाच्या लोकांना आनंद झाला, जाहीर सत्कार करायचे ठरले. रामजी नको म्हणाले. पोराच्या डोक्यात हवा जाईल, त्याने अजून केले तरी काय, एक परीक्षा तर पास झाला! मग लोक दादा केळुसकरांकडे गेले. कृष्णराव अर्जुन केळुसकर म्हणजे मराठीत बुद्धचरित्र लिहिणारे विद्वान. त्यांनी येऊन समजूत घातली तेव्हा कुठे सुभेदार राजी झाले. सभा झाली, केळुसकर अध्यक्ष. सभा संपल्यावर त्यांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ते वाचून भीमराव भारावून गेले आणि बुद्धाकडे वळले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जो प्रवास पूर्ण झाला त्याचे पहिले पाऊल हे. आज ज्या विहाराचा वर्धापनदिन आपण साजरा करतो आहोत, त्याची पायाभरणी अशी एका पुस्तकाने झाली. आणि हे पुस्तक पोराच्या हाती पडले तेव्हा ते वाचण्याची ताकद त्याच्यात आधीच तयार होती. ती रामजींनी दिलेली होती.

शेवटची भेट

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, भीमराव बी. ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदे संस्थानात नोकरीसाठी गेले. रामजींच्या मनात ते नव्हते. थोड्याच दिवसांत तार गेली : वडील आजारी आहेत. भीमराव निघाले. वाटेत सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा म्हाताऱ्याचे प्राण कंठाशी आलेले. रामजींनी लेकाला डोळे भरून पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात डोळे मिटले.

मुलगा अमेरिकेला गेलेला त्यांनी पाहिला नाही. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. चवदार तळे, गोलमेज परिषद, राज्यघटना, धम्मदीक्षा यांतले काहीएक त्या म्हाताऱ्याने पाहिले नाही. पण लेक विसरला नाही. १९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ निघाला, तो बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाचा तिथे कृतज्ञतेने उल्लेख आहे.

आणि तो जुना कागद? त्यात मागितलेले काम रामजींच्या हयातीत झाले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली. १९१७ साली एकशे अकरावी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. पुढे १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी नेट लावला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही देशाच्या सरहद्दीवर उभी आहे. म्हणजे बापाच्या कागदांत जे गाऱ्हाणे पडून होते, ते जवळजवळ पन्नास वर्षांनी लेकाने तडीस नेले.

आपण काय जपले?

आता ती मनाला लागलेली गोष्ट. आमच्या वस्तीत महार रेजिमेंटचे एक जुने पेन्शनर राहत. नाव लिहीत नाही. पहाटे उठून विहाराचे अंगण झाडायचे. वंदनेला सर्वांत आधी हजर. निवृत्तीनंतर रात्रपाळीची वॉचमनकी करून त्यांनी पोरे शिकवली. त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी होती. एकदा ते आम्हांला म्हणाले, "मास्तर, पेटीत काही जुने कागद आहेत, माझ्या बापाच्या वेळचे पण आहेत. एकदा येऊन वाचून सांगा." आम्ही म्हणालो, "जयंती होऊन जाऊ द्या दादा, मग बसू." जयंती झाली. मग वर्षावास आला. मग दुसरी जयंती आली. दादा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला आम्ही भाषण केले, फार मोठे भाषण केले. महिन्याभराने त्यांच्या नातवाने घर रंगवायला काढले आणि पेटी भंगारात, कागद रद्दीत गेले. त्या पोराला बोल लावून काय उपयोग? त्याला वाचून दाखवायचे काम आमचे होते.

त्या पेटीत काय होते, ते आता कुणालाच कळणार नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या पानावरून सर्व उपासक-उपासिकांना हात जोडून विनंती आहे. ज्यांच्या घरी आजा-पणजाची पेटी आहे, त्यांनी ती उघडावी. पलटणीचे पुस्तक, पेन्शनीचा कागद, गिरणीचा बिल्ला, शाळेचा दाखला, १९५६ च्या दीक्षेच्या वेळचा फोटो, जे असेल ते कोरड्या कापडात बांधून ठेवावे आणि पोरांना वाचून दाखवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी विहारात आणावे. रविवारी वंदनेनंतर आम्ही वाचायला बसू. या वेळी जयंतीनंतर असे म्हणणार नाही.

आणि येत्या २ फेब्रुवारीला संध्याकाळी वंदनेनंतर पाच मिनिटे थांबावे. एक मेणबत्ती सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या नावाने लावू. शेजारी एक पाटी आणि एक पुस्तक ठेवू. तलवार नको.

जयभीम! भवतु सब्ब मंगलम्!